चार बोटांचा कोपरा

गोधडी एकटीनं शिवू नये असं काही शास्त्र नाही. पण शिवून बघा एकदा. इकडं ताण दिला की तिकडं सुरकुती पडते, ती काढायला उठावं तर इकडचं सरकतं, आणि शेवटी सुई कुठंतरी साडीत हरवून बसते. समोर कुणीतरी बसलेलं लागतंच. माझ्या समोर बावीस वर्षं माझी शेजारीण बसली.

आमची वस्ती राहुरीच्या पुढं, कालव्याच्या कडेला. तिच्या आणि माझ्या घरामध्ये एक शेवग्याचं झाड आणि कमरेएवढी भिंत. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला आक्का म्हणायचे. दिवाळी झाली की दुपारची भांडी उरकून आम्ही माझ्या ओसरीवर जुन्या साड्या अंथरायचो. खाली एक धड साडी, मध्ये विरलेल्या, वर चिंध्यांचे चौकोन, आणि चारी कोपऱ्यांवर दगड. ती तिकडून, मी इकडून, धावदोरा घालत मधे भेटायचं. माझा टाका तांदळाच्या दाण्याएवढा. तिचा टाका म्हणजे दोन गावांमधलं अंतर. मी बोलले की ती म्हणायची, तुझी गोधडी होईपर्यंत माणूस गारठून मरेल. मी दोऱ्याची गाठ घडीच्या आत लपवायचे, ती खुशाल वर ठेवायची. गाठ दिसली पाहिजे, म्हणजे उद्या उसवायची वेळ आली तर शोधत बसायला नको, असं तिचं म्हणणं. आमचे हे येता-जाता चिडवायचे, की या दोघी गोधडीत साड्या कमी आणि गावच्या बातम्या जास्त भरतात.

भरायचोच. माझ्या सासूबाई दोन वर्षं अंथरुणावर होत्या तेव्हा मी त्या ओसरीवरच रडून घ्यायचे आणि मग घरात जायचे. तिचा नवरा गेला त्या हिवाळ्यात आम्ही ओळीनं तीन गोधड्या शिवल्या. गरज एकीचीही नव्हती. तिला नुसतं बसवत नव्हतं, एवढंच.

लेकराच्या गोधडीचं मात्र आमच्या वस्तीवर एक ठरलेलं. बाळ जन्मायच्या आधी ती पुरी करायची नाही. एक कोपरा चार बोटं उघडा ठेवायचा. बारशाला बाळाची आत्या येते, ती तो कोपरा शिवते, तिला साडी नेसवायची, मग बाळाला त्या गोधडीवर निजवायचं. आधीच तोंड मिटलं तर येणाऱ्याची वाट बंद होते, असं जुन्या बायका सांगायच्या. मी दहावीपर्यंत शिकलेली. हे सगळं मला थोतांड वाटायचं, आणि तरी मी पाळायचे. सगळ्याच पाळतात.

चार वर्षांपूर्वी माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मी आणि आक्कानं पंधरा दिवस आधीपासूनच तिच्या बाळाची गोधडी घातली होती. सासूबाईंचं मऊ झालेलं नऊवारी लुगडं आत, आणि वर लेकीच्या शाळेच्या फ्रॉकचे चौकोन. इतकी सुरेख गोधडी आमच्या हातून कधी झाली नव्हती, हे मी आजही सांगते. उरला होता तो कोपरा. आणि तो शिवायचा होता जावयाच्या बहिणीनं.

आता ती बाई म्हणजे काय सांगू. डोहाळजेवणाला आली, पुरणपोळीला तूप कमी आहे म्हणाली, आणि अख्खा वेळ मोबाईलमध्ये तोंड घालून बसली. सुई कुठल्या बाजूनं ओवतात हे तिला कुणी शिकवलेलं नाही. माझ्या तांदळाच्या दाण्यांच्या शेवटी हिचे वाकडेतिकडे टाके येणार, आणि ते जन्मभर तसेच राहणार, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. त्यात कांद्याची लागण तोंडावर आलेली, घरात अर्धवट काम पडलेलं मला खपत नाही. एका मंगळवारी दुपारी मी दोरा ओवला आणि कोपरा शिवायला घेतला.

आक्का समोरच होती. म्हणाली, “ऱ्हाऊ दे गं. चार बोटाचा कोपरा तुला काय खातुय का?”

मी म्हणाले, खातोय. आणि शिवून टाकला. गाठ आत लपवली, हात फिरवून बघितला, टाका कुठं संपला ते मलाही सापडेना. आक्कानं आपलं सुईचं डबडं उचललं आणि भिंत ओलांडून गेली.

गुरुवारी पहाटे लेक म्हणाली, आई, बाळ हलत नाही. गाडी करून नगरला नेलं. घराची चावी, गाय, कोंबड्या, सगळं आक्काच्या हवाली. दवाखान्यात सोनोग्राफी चालू असताना आत फक्त मी होते. डॉक्टरीणबाईंनी पडदा ओढला आणि मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, ठोके लागत नाहीत, बहुतेक काल संध्याकाळीच थांबलेत, नाळेचा पीळ बसला असावा. काल संध्याकाळी. बुधवारी. मी बोटांवर मोजलं. मंगळवारी मी कोपरा शिवला होता.

हे बुधवारचं मी कुणाला सांगितलं नाही. ना लेकीला, ना जावयाला, ना ह्यांना. बाळंतपण व्हायला संध्याकाळ झाली. मुलगा होता. जावळ भरपूर होतं, नाक माझ्या लेकीचं होतं. ह्यांनी वस्तीवर आक्काला फोन केला, बाळ गेलं म्हणून. त्यामुळं वस्तीवर सगळ्यांना एवढंच माहीत झालं, की गुरुवारी संध्याकाळी बाळ गेलं.

घरी आलो तेव्हा ती गोधडी घडी करून पलंगावर ठेवलेली होती. मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. उचलली आणि पत्र्याच्या पेटीत तळाशी कोंबली.

नाळेचा पीळ आणि गोधडीचा कोपरा यांचा काही संबंध नाही हे मला कळतं. मी काही अडाणी नाही. पण कळणं आणि जीवाला पटणं यात फार फरक आहे, आणि तो फरक ज्याच्यावर वेळ येते त्यालाच ठाऊक. मला आक्काचं तोंड बघवेना. तिच्या डोळ्यांत मला एकच दिसायचं: सांगितलं होतं ना मी. सुतकात तिनं पहिल्या दिवशी पिठलं-भाकरी आणली, दुसऱ्या दिवशी आणली, तिसऱ्या दिवशी भिंतीवर डबा ठेवून उभी राहिली. मी डबे घासून ह्यांच्या हाती परत पाठवले. चौथ्या दिवशी ती आली नाही. मग कधीच आली नाही. मी ओळख द्यायचं सोडलं, तिनंही मान खाली घालून जायला सुरुवात केली. मला वाटलं, बघा, हिला केवढा ताठा. मी येऊन पाया पडावं म्हणून वाट बघतेय.

वर्षभरानं तिला नातू झाला. एकुलत्या एका मुलाचा मुलगा. आणि वस्तीवर सगळ्यांनी एक नवल बघितलं, की आजी नातवाला घेत नाही. भिंतीवरून मला दिसायचं. सून पोर पुढं करायची, ही पदराला हात पुसायची आणि गोठ्यात निघून जायची. गोधडी तर शिवलीच नाही. सुनेनं बाजारातून मिंकचं ब्लँकेट आणलं. मी मनात म्हटलं, दगड आहे दगड, माझ्या लेकीला लेकरू बघायला मिळालं नाही आणि हिला मिळालं तर हिला नको. पोर आठ महिन्यांचं झालं आणि मुलगा-सून चाकणला निघून गेले. टेम्पो भरला तेव्हा ती दारात उभी होती. मी घरात होते. बाहेर आले नाही.

यंदा माझ्या लेकीला पुन्हा सातवा लागला. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, “आई, ती गोधडी ठेवलीयस ना? तीच दे ह्याला. नवी नको शिवू. ती त्याची आहे, तेवढी तरी ह्याला मिळू दे.”

तिला काय सांगणार? की बाई, त्या गोधडीला माझा हात लागलाय? हो म्हणाले आणि फोन ठेवला. दोन दिवस पेटीकडं गेले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी कडी लावली आणि पेटी उघडली.

कोपरा उघडा होता.

आधी वाटलं उंदीर. उजेडात नेऊन बघितलं. एकही धागा तुटलेला नाही, कापड कुठं फाटलेलं नाही, माझे तांदळाचे दाणे एकेक करून उसवलेले. बरोबर चार बोटं. आणि उरलेला दोरा सुटू नये म्हणून शेवटाला गाठ मारलेली, वरच्या अंगाला, सगळ्यांना दिसेल अशी.

खरं सांगते, आधी मला आक्का आठवली नाही. आधी माझी सुटका आठवली. कोपरा उघडा होता! म्हणजे बाळ जायच्या आधीच तो कुणीतरी उघडला असणार. मी नाही, माझ्यामुळं नाही. मी जमिनीवर बसून ढसाढसा रडले आणि ते रडणं आनंदाचं होतं, आता लाज वाटते सांगायला. मग गोधडी उचलली आणि चार वर्षांत पहिल्यांदा भिंत ओलांडली.

ती अंगणात गहू निवडत होती. थकली होती, केस पार पांढरे. मी गोधडी तिच्या पुढ्यात ठेवली. ती मागं सरकली. हात लावला नाही.

म्हणाली, “मला ठावं हुतं, तू हे घिऊन एक दिवस येशीलच. तू तवाच वळाखलंस, म्हनून बोलायची बंद झालीस.”

मला काही कळेना. मग तिनं सगळं सांगितलं, गव्हाकडं बघत. आम्ही नगरला निघालो त्या सकाळी तिनं कुलूप काढलं, गाईचं बघितलं आणि घरात आली. पोरीची अवघड वेळ आहे, कोपरा उघडून ठेवावा, वाट मोकळी होईल, म्हणून एकेक टाका उसवला. उसवताना देवाचं नाव घेत होती. आणि त्याच संध्याकाळी फोन आला.

“शिवल्याली गोधडी लेकराची. ती मी उसवली, आन् सांजच्याला ते गेलं. माझ्याच हातानं गेलं गं ते. मंग ह्या हातानं माझ्या नातवाला कसं घिऊ? त्याला काय झालं असतं म्हंजी?”

चार वर्षं. एवढीशी भिंत मधे, आणि दोघी दोन्हीकडून एकच ओझं वाहत होतो.

तिला मोकळं करणारं एक वाक्य माझ्याकडं होतं. पण ते बोललं की कोपऱ्याचं सगळं परत माझ्या अंगावर येणार होतं, आणि माझी सुटका होऊन अर्धा तास झाला नव्हता. खोटं कशाला बोलू, मी गप्प बसले. ती खडे काढत राहिली. निवडलेला खडा पुन्हा गव्हातच पडत होता. मला ते बघवेना.

मी म्हणाले, “आक्का, बाळ बुधवारी संध्याकाळीच गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं. तू उसवलंस तेव्हा ते नव्हतंच.”

तिनं ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग विचारलं, “तुला तवापस्नं ठावं हाय?”

मी हो म्हणाले.

मग मी वाट बघत राहिले. पूर्वीची आक्का असती तर म्हणाली असती, अगं येडे, मग तुझ्यामुळंही नाही. तेवढ्यासाठी मी जीव मुठीत धरून बसले होते. ती ते म्हणाली नाही. मला वाटतं तिच्या मनातही आलं नाही. ती आपल्या दोन्ही तळव्यांकडं बघत होती. तशीच म्हणाली, नातू तीन वर्षांचा झाला. फोनवर व्हिडिओ लावला की मुलगा म्हणतो, आजीला हात कर, आणि तो तोंड फिरवतो. त्याचं काय चुकलं, ओळखच नाही. दुधासारखा गोरागोमटा होता गं, मला वासही माहीत नाही त्याचा. मग ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं तो झटकलाही नाही आणि धरलाही नाही.

डोळे पुसून ती म्हणाली, सून सुरुवातीला समजून घ्यायची, रोज पोर पुढं करायची. मग एका दिवसात फिरली. सासूला नातू नकोसा झालाय असं तिच्या मनात कुणीतरी भरवलं. तिथूनच सगळं फिसकटलं, नाहीतर ती दोघं गेली नसती.

मला गिरणी आठवली. ती दोघं चाकणला जायच्या महिनाभर आधी पिठाच्या गिरणीत आक्काची सून डबा घेऊन उभी होती, डोळे सुजलेले. काकू, तुम्ही आईंना इतकी वर्षं ओळखता, त्या अशा का वागतात, असं तिनं मला विचारलं होतं. आणि मी म्हणाले होते, तिला तो नकोच आहे बाई, मी ओळखते ना तिला, तू उगाच आस लावू नकोस. एवढंच. माझा डबा आधी दळून झाला आणि मी घरी आले.

“कुनी सांगितलं आसंल गं तिला?” आक्कानं विचारलं. “तुझ्या कानावर काय आलं हुतं का?”

मी म्हणाले, नाही.