दुरुस्त करून दिलेला जबाब

“पुठ्ठा वर धरा, मॅडम. नंबर दिसत नाही.”

मी पुठ्ठा वर धरला. त्यावर मार्करनं माझ्या नळाचा नंबर लिहिला होता. त्याखाली मोठ्या अक्षरांत, अनधिकृत पाणीवापर. मी माझ्याच फाटकासमोर उभी होते. सकाळचे दहा वाजलेले. गल्ली भरलेली. ओट्यावर भाजी निवडणाऱ्या बायका. शाळेला निघालेली पोरं. समोरचा गिरणीवाला दळण टाकून दारात आलेला. त्यातली निम्मी माणसं कधी ना कधी माझ्या वर्गात बाकावर बसलेली.

“अजून वर. पण तोंड झाकू नका.”

फोटो काढणारा पाणी कंपनीचा साहेब तिशीचा असेल. निळं जाकीट, गळ्यात ओळखपत्र. तो उद्धट नव्हता. उद्धट असता तर मला कदाचित राग आला असता. तो कंटाळला होता. माझ्याआधी दोन घरं झाली होती, माझ्यानंतर चार व्हायची होती. त्याचा जोडीदार म्हणाला, “मॅडम, जरा हसा की,” आणि दोघं हसले.

माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. पुठ्ठा धरणार नाही असं म्हणता येतं, हे मला सुचलंच नाही. इतकी मी भ्याले होते.

पोरांनो, तुमच्या बाबांनी तुम्हाला यातलं काही सांगितलेलं नसणार. सांगण्यासारखं नाहीच. म्हणून मी लिहिते आहे. क्रमानं लिहिते, म्हणजे नंतर मलाच सोयीचं काही गाळता येणार नाही.

आमच्या गावची पाण्याची योजना नगरपालिकेकडून कंपनीकडे गेली, तेव्हा मी विरोध केला नव्हता. उलट स्वागताच्या अर्जावर माझी सही आहे. आधी पाणी आठ-आठ दिवसांनी यायचं, तेही गढूळ. माझे वडील नगरपालिकेत पाणी सोडायचे. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली व्हॉल्व फिरवत हिंडायचे. लोक त्यांना तोंडावर शिव्या द्यायचे. “मामा, अजून अर्धा तास सोडा की हो,” म्हणून त्यांचा हात धरायचे. फेरीवर असताना ते कुणाच्याही घरी चहा घेत नसत. चहा घेतला की त्या गल्लीला जास्त पाणी दिलं, असं दुसरी गल्ली म्हणणार. लहानपणी मला त्या शिव्यांची लाज वाटायची. एखादी नीटनेटकी, नियमानं चालणारी व्यवस्था यावी, जिचा असा कुणी हात धरू शकणार नाही, असं वाटायचं.

तशी आली.

कंपनीनं मीटर बसवले. पाणी स्वच्छ येऊ लागलं, एक दिवसाआड, ठरल्या वेळी. हे खरं आहे आणि लिहिलंच पाहिजे. मग चौकातला सार्वजनिक नळ काढला. ज्याला पाणी हवं त्यानं घरात नळ घ्यावा. घरात नळ घ्यायचा तर जागेचा उतारा लागतो. आणि एका नळाचं पाणी दुसऱ्या घराला द्यायचं नाही, असा नियम.

माझ्या भिंतीपलीकडे धुरपदा राहते. धनगर. पत्र्याचं घर, मागे मेंढ्यांचा वाडा. जागा गायरानाची, त्यामुळे उतारा नाही. तुमच्या आजोबांनी फाटकाबाहेर दगडी हाळ बांधला होता, जनावरांना पाणी प्यायला. पाणी आलं की आधी हाळ भरायचा, मग घरातली भांडी, ही आमच्या घरची रीत. आजोबा गेल्यावरही मी ती मोडली नाही. धुरपदाच्या मेंढ्या तिथंच पाणी प्यायच्या. चौकातला नळ गेल्यावर धुरपदानं एकदा फाटकातून विचारलं, “बाई, हाळाच्या पाइपावर दोन घागरी घेऊ का?”

मी म्हणाले, “रोज काय विचारतेस? घेत जा.”

हे माझे शब्द. मी दिलं होतं.

फोटो झाल्यावर साहेब माझ्या लिंबाच्या सावलीत आला.

“पाइप तुमचाच ना?”

“हो.”

“हे चोरीत धरतात, मॅडम. नळ आत्ता तोडतो. गुन्हा वेगळा. ठाण्यात यावं लागेल.”

ठाण्यात. त्र्याहत्तर वर्षांत मी पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नाही.

“घरात कोण कोण असतं?”

“कोणी नाही. मुलगा परदेशात आहे.”

“मग कशाला ही दगदग?” त्याचा आवाज मऊ झाला. बसायला खुर्ची द्यावी तसा म्हणाला, “तुम्ही दिलंच नसेल. शेजारच्यांनी परस्पर घेतलं असेल. तसं असेल तर तुम्ही तक्रारदार. मग नळ राहतो.”

धुरपदा तेव्हा मेंढ्या घेऊन माळावर गेली होती.

“हो,” मी म्हणाले. “तिनंच परस्पर घेतलं.”

त्यानं छापील कागदावर इंग्रजीत जबाब लिहिला. गल्लीतल्या दुसऱ्या कुणी न वाचता अंगठा उठवला असता, सही केली असती. मला ती सबब नाही. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मी तो कागद शब्दन् शब्द वाचला. माझ्या नकळत, माझ्या संमतीशिवाय, सदर महिलेनं पाण्याची चोरी केली. दोन ठिकाणी वाक्य चुकलं होतं. माझा हात आपोआप पेनाकडे गेला. मी दोन्ही चुका दुरुस्त केल्या, समासात छोटी सही केली, जशी आयुष्यभर वह्यांवर केली तशी. मग खाली मोठी सही केली.

“वा मॅडम! इंग्रजी एकदम फर्स्ट क्लास.”

आणि पोरांनो, मला बरं वाटलं. मागे त्याचा जोडीदार पहारीनं हाळ फोडत होता, आणि मला त्या शाबासकीनं बरं वाटलं. मला पुठ्ठ्यापेक्षा याची लाज जास्त आहे.

दुपारी धुरपदा आली. हाळाचे तुकडे ओलांडून आली. हातात कागद.

“बाई, माज्या दारावर ह्ये चिटकवून गेलेत. काय हाय बघा की.”

गल्लीत कुणाच्याही घरी कागद आला, की तो माझ्याकडेच वाचायला येतो. मी चष्मा लावला. मराठीत होतं. शेजारील ग्राहकाच्या जबाबावरून, असं पहिल्याच ओळीत होतं. मी ती ओळ सोडून वाचलं. पाणीचोरी, कार्यालयात हजर राहणे, अन्यथा पोलिसात तक्रार.

“चोरी?” ती खाली बसली. “कोन म्हनलं मी चोरी केली म्हनून?”

“कंपनी म्हणते.”

“मंग तुमी सांगायचं न्हाई का, मीच दिलं म्हनून?”

मी चष्मा पुसत राहिले. तिनं कागद घडी करून पदराला बांधला आणि गेली. संध्याकाळपर्यंत गल्लीनं तिला सगळं सांगितलं असणार. मी गल्लीसमोरच बोलले होते.

त्यानंतर ती आली नाही. पाण्याला एका शेतातल्या विहिरीवर जाऊ लागली, मेंढ्या घेऊन, डोक्यावर दोन घागरी. विहिरीच्या मालकाचं मन असलं तर पाणी, नसलं तर नाही. माझ्या नळाला मात्र पाणी येत होतं. एक दिवसाआड, ठरल्या वेळी. मी भांडी भरायचे आणि दार लावून बसायचे. दारावर कुणी टकटक केली की वाटायचं, पोलीस. मग वाटायचं, धुरपदा. दुसरीची भीती जास्त होती.

एकदा मी तिला रस्त्यात गाठलं. म्हणाले, “धुरपदा, थांब. मला बोलायचंय.”

“बोला की. उतारा लागतोय का बोलायला?” ती थांबली नाही. मी तिच्या मागे चालत राहिले.

“मी भ्याले गं.”

“भ्याल्या ते दिसलं समद्या गल्लीला. बरं झालं मेंढरांची नावं न्हाई सांगितली तुमी, न्हाईतर त्याईलाबी कागद आला असता.” मग तिनं घागरी खाली ठेवल्या. “बाई, भ्यायचं काय न्हाई त्याचं. मीबी भेते. पर माळ लांब न्हवता. एक पोरगं धाडायचं. धुरपदे, मी भ्याले, तुजं नाव घालू का, म्हनायचं. मी म्हनले असते, घाला. मला इचारून घातलं असतं तर मी चोर झाले असते तुमच्यासाटी. न इचारता कशाला केलं?”

तिनं घागरी उचलल्या. मी तिथंच उभी राहिले. ती मला विचारून पाणी घेत होती. मी तिला न विचारता तिचं नाव घेतलं होतं. परस्पर घेणं याला चोरी म्हणतात, आणि ती मी केली होती.

पुढे पेपरात जाहिरात आली. पाण्याचे दर आणि नियम ठरवायला परभणीला सुनावणी, नागरिकांनी म्हणणं मांडावं. मी धुरपदाला विचारलं, येतेस का. ती म्हणाली, “मेंढरं कोन बघंल?” मी एकटी एसटीनं गेले. वाटेत दोनदा वाटलं, उतरून परत जावं.

मोठा गार हॉल. समोर दर ठरवणारे तीन अधिकारी. बाजूला कंपनीची माणसं, त्यात तो निळ्या जाकिटाचा साहेब, आज कोटात. तो पडद्यावर चित्रं दाखवत होता. इतकी गावं, अशी गळती, अशी चोरी पकडली. मग एक चित्र आलं. पडद्यावर मी होते. भिंतीएवढी. पुठ्ठा धरलेली, पदर घसरलेला, तोंड उघडं.

“जनतेचं सहकार्य वाढतं आहे, ग्राहक स्वतःहून तक्रारी करताहेत,” साहेब म्हणाला.

हॉलमध्ये कुणी मला ओळखलं नाही. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. मी उठले.

“ती बाई मी आहे.”

सगळे वळले.

“मी सहकार्य केलं नाही. मी भ्याले. पाणी मी दिलं होतं. धुरपदानं चोरी केली नाही. मी खोटा जबाब दिला.”

साहेबानं फाइल उघडली. त्याला वेळ लागला नाही. “सर, या जबाबात मॅडमनी स्वतःच्या हातानं दुरुस्त्या केल्यात. म्हणजे पूर्ण वाचून सही केली आहे.”

“हो,” मी म्हणाले. “इंग्रजी दुरुस्त केलं. खोटं तसंच ठेवलं.”

कुणीतरी मागे हसलं. मी बसले नाही.

“साहेब, चौकातला नळ काढला. कागद नाही म्हणून तिच्या घरात नळ नाही. शेजारणीनं द्यायचं नाही. तुमच्या नियमानं तिनं प्यायचं काय? तेवढं सांगा.”

मधले अधिकारी वयस्कर होते. त्यांनी पेन फिरवलं. “वैयक्तिक प्रकरण इथं घेता येत नाही. मुद्द्याची नोंद घेतली. जबाब बदलला तर तुमच्यावर कारवाई होऊ शकते, कल्पना आहे ना?”

“आहे.”

तिथंच बाकावर बसून मी दोन पानं लिहून दिली. मराठीत. पोच घेतली.

तिसऱ्या दिवशी माझा नळ तोडला. आता मी त्याच शेतातल्या विहिरीवर जाते, एक कळशी घेऊन, दम खात. धुरपदा तिथं असते. माझ्याशी बोलत नाही. तिच्यावरचा कागद कंपनीनं अजून मागे घेतलेला नाही.

तुमच्या बाबांचा रोज फोन येतो. आई, माफीनामा दे. आई, मिटवून टाक, इकडे ये. तो माझ्यासाठीच भितो, मला कळतं. काल कंपनीचा माणूस आला होता. सुनावणीत दिलेलं निवेदन गैरसमजातून दिलं, एवढं लिहून द्या, नळ संध्याकाळी जोडतो, म्हणाला. उद्या अकराला कागद घेऊन येणार आहे.

मला भीती वाटते. तेव्हाइतकीच. हे अक्षर वेडंवाकडं आलंय ते त्यामुळे. पण धुरपदाचं नाव चोर म्हणून त्यांच्या फाइलीत आहे तोवर मी त्यांच्या कुठल्याही कागदावर सही करणार नाही. नळ नसला तरी. ठाण्यात नेलं तरी. तुमचे बाबा फोनवर रडले तरी.