बोल्ट दाजींनी तोडला नव्हता

सोनपेठला माझ्या गॅरेजसमोरच्या बाकावर चार माणसं बसली की दाजींनी तोडलेल्या बोल्टचा विषय हमखास निघतो. दाजी म्हणजे माझे जावई. मला एकुलती एक मुलगी. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा मीच जावयांना चारठाण्याकडून इकडे बोलावून घेतलं. तिकडे त्यांचा हात चांगला बसलेला होता, चार गिऱ्हाइकं त्यांना नावानं ओळखत होती. इथं आल्यावर त्यांचं नाव गेलं. गावाच्या लेकीचा नवरा तो सगळ्या गावाचा दाजी, आणि दाजीची थट्टा करायचा हक्क आमच्याकडे शेंबड्या पोरालाही असतो. दाजीनं चिडायचं नसतं. त्यातून हे सासऱ्याच्या घरात राहणारे, म्हणजे थट्टेला आणखी धार.

बोल्ट त्यांनी तोडलेला नाही. तो मी तोडला. हे मी तोंडी सांगून पाहिलं, त्याचं काय झालं ते पुढे येईलच. म्हणून आता झालं तसं लिहून ठेवतो.

गोदावरीकाठच्या एका बागायतदाराच्या मोठ्या मुलानं पुण्याहून एक जुनी डर्ट बाइक आणली होती. उंच सीट, पुढचं चाक धरणारा लांबलचक चिमटा, चिखल उडवायला केलेले खाचेचे टायर. आमच्याकडे सगळे तिला नाकतोडा म्हणायचे. ऊस निघालेल्या रानात, नदीच्या कोरड्या पात्रात तो ती उडवायचा आणि आसपास कुठे चिखलातल्या शर्यती असल्या की पिकअपमध्ये घालून घेऊन जायचा. गाडीचं काम आमच्याकडेच. पहिल्यांदा इंजिन खोललं ते जावयांनी, पण गावभर सांगताना तो मुलगा नाव माझं घ्यायचा. मला ते आवडायचं, हे कबूल करायला हवं.

आमच्या धंद्यात खंडेनवमीला गॅरेज उघडतं, पण काम होत नाही. आदल्या दिवशी सगळे पाने, हातोडे, जॅक डिझेलनं धुवून पुसून ठेवायचे. नवमीला ते पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. मग दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत पाटावरच्या कशालाही हात लावायचा नाही. माझ्या वडिलांपासून हे चालत आलेलं. त्या वर्षी मांडणी जावयांनी केली, नंबरवारी, लहानापासून मोठ्यापर्यंत, अगदी टी-पानेसुद्धा ओळीत. मग ते आईला भेटायला गावी गेले.

दुपारी तो मुलगा गाडी घेऊन आला. क्लच कव्हरच्या खालच्या कडेनं तेल पाझरत होतं. दुसऱ्या दिवशी मित्रांबरोबर रानात शर्यत ठरलेली. आज नवमी, उद्या संध्याकाळी ये, असं मी त्याला सांगितलं. तो हटला नाही. मिस्त्रीकाका, नुसता एक बोल्ट ढिला हाय, तुमच्या हातचं काम हाय, दाजी असते तर त्यायला म्हणलोच नसतो, असं काहीबाही बोलत राहिला. शेवटच्या वाक्यानं मी विरघळलो.

पाटावरचे पाने उचलायचे नाहीत, हे माझ्या मनात पक्कं होतं. पण विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत एक जुना स्क्रू पाना पडलेला होता, तोंड कमीजास्त होणारा, हातभर लांब, पाइपलाइनच्या कामाचा. तो पूजेत आलाच नव्हता. म्हणजे त्याला हात लावला तर नवमी मोडत नाही, असा हिशोब मी केला. आज लिहितानाही हा हिशोब किती सोयीचा होता ते दिसतं. तेव्हा दिसलं नाही.

क्लच कव्हरचा बोल्ट करंगळीपेक्षा बारीक. त्याला आठ नंबरचा छोटा टी-पाना लागतो, म्हणजे किती आवळला ते बोटांना कळतं. हातभर दांडीच्या पान्यानं काहीच कळत नाही. मी आवळला. थोडा आणखी आवळला. आणि मग तो बोल्ट हाताखाली किंचित मऊ झाला. ज्यांनी हे काम केलंय त्यांना मी काय म्हणतोय ते समजेल. घट्ट होत आलेला बोल्ट एकदम लोण्यासारखा फिरतो, तेव्हा तो आत ताणला गेलेला असतो, त्याची कंबर बारीक झालेली असते. तिथेच थांबून तो काढून नवीन टाकायचा असतो. नवीन बोल्ट कपाटात होता. पण काढताना तुटला तर पूजेच्या दिवशी तो काढत बसायचा, आणि कशानं काढायचा? मी पाना बाजूला ठेवला. तेल थांबलं होतं. मुलगा पाया पडून गेला.

जावई गावाहून आल्यावर मी त्यांना काही सांगितलं नाही.

दिवाळी झाली. चिखल, पाणी, परत चिखल, असं त्या गाडीचं चाललंच होतं. मग क्लच घसरायला लागला म्हणून तो मुलगा गाडी घेऊन आला. बरोबर त्याचे दोघे मित्र, बाकावर नेहमीची मंडळी, आणि खुर्चीवर मी. जावयांनी एकेक बोल्ट काढायला घेतला. खालच्या कडेचा आला तेव्हा मी तो ओळखला. त्या क्षणी थांबा म्हणायला हवं होतं. जावयांनी त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं, दोन बोटांत पाना धरून, हलकेच फिरवला आणि कट असा आवाज आला. डोकं पान्यात, बाकीचा बोल्ट इंजिनच्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात.

मग बाकावरून कुणीतरी म्हणालं, दाजी, सासऱ्याचं इंजन समजून ओढलं काय. हशा झाला. तो मुलगा हसला नाही, त्यानं माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणालो,

"हलक्या हातानं घ्यायचं असतं, जावईबापू. ॲल्युमिनियम हाय ते."

हे वाक्य मला आजही झोपू देत नाही. गप्प बसलो असतो तरी एकवेळ चाललं असतं. जावयांनी एकदा वर पाहिलं आणि तुटलेलं डोकं खिशात टाकलं.

मग बोल्ट काढायचं काम सुरू झालं. कव्हर उतरवल्यावर दिसलं की तो केसच्या तोंडाबरोबर तुटलाय, पकडायला टोकसुद्धा बाहेर नाही. मी खुर्चीवरून ड्रिल मारा म्हणालो. ते नको म्हणाले. लोखंडाचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसलेला, ड्रिल जरा सरकलं की मऊ धातू खाणार आणि केसचे आटे जाणार. केस गेली तर ती कुठून आणायची. इझी आउट म्हणून एक उलट्या आट्यांचा खिळा मिळतो, तोही त्यांनी बाजूला ठेवला, कारण तो आत तुटला तर त्याच्यापुढे ड्रिलही चालत नाही. त्यांनी क्लचवर कापडाच्या चिंध्या कोंबल्या, बोल्टच्या कडेनं पातळ तेल सोडलं आणि तसंच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वेल्डिंगवाल्याला बोलावलं. तुटक्या बोल्टवर एक नट ठेवला आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग मारून नट खालच्या बोल्टला चिकटवला. ॲल्युमिनियमला ते वेल्डिंग चिकटत नाही, तेवढा फायदा. पहिला नट फिरवताना उचकटून आला. वेल्डिंगवाला म्हणाला, दाजी, तुमच्या हातात काहीतरी हाय बरं का. जावई हसले आणि दुसरा नट ठेवला.

या वेळी त्यांनी घाई केली नाही. लाल झालेला नट काळा पडू दिला. मग पाना लावून कणभर पुढे, कणभर मागे, पुन्हा तेल, पुन्हा पुढे. कपाळावरचा घाम खाली पडू नये म्हणून मधूनमधून मान वळवून खांद्याला पुसायचे. बघता बघता बोल्ट एक वेढा फिरला आणि मग हातानंच बाहेर आला. त्यांनी आत बोट घालून आटे पाहिले. एकही गेला नव्हता. मी उभं आयुष्य हे काम केलं, पण तो बोल्ट मला त्या सफाईनं काढता आला नसता. मी ड्रिल मारलं असतं.

बाकावरच्यांनी यातलं काही पाहिलं नाही. त्यांनी बोल्ट तुटताना पाहिला होता, आणि गोष्ट तेवढीच गावात गेली. कुणी चहाचा कप हातात दिला की, दाजी, कान हळू धरा. लग्नात नारळ फोडायचा असला की, दाजीला द्या, आपोआप फुटल. हे सगळं हसत हसत. हळूहळू मात्र गिऱ्हाईक गाडी लावतानाच म्हणायला लागलं, मिस्त्री, तुमीच हात लावा. जावयांकडे राहिलं पंक्चर, गाड्या धुणं आणि ऑइल बदलणं. एक दिवस मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, ते इंजिनचं काम सोडायचं म्हणायलेत. परभणीला भाड्यानं ऑटो चालवायचा विचार चाललाय.

त्या दिवशी मी बाकावरच्या मंडळींना सांगितलं की बोल्ट मी आवळला होता, मी खराब केला होता. ते जे हसले, ते मला अपेक्षित नव्हतं. एकजण म्हणाला, मिस्त्री, जावयाचं झाकायलात, झाका, पोरीचा संसार हाय. दुसऱ्यानं माझी पाठ थोपटली. सासरा असावा तर असा, असंही कुणी म्हणालं. मी जितकं जोर देऊन सांगत गेलो तितका मी मोठ्या मनाचा ठरत गेलो. बागायतदाराच्या मुलाला गाठलं, तर तो म्हणाला, काका, झालं गेलं, गाडी चालू हाय ना.

मग मी जावयांना सांगितलं. गॅरेजच्या मागे ते हात धूत होते. माझं सगळं बोलून होईपर्यंत ते साबण तसाच हातात धरून उभे राहिले.

"मला ठावं हाय, मामा," ते म्हणाले. "त्या बोल्टच्या डोक्याचे कोपरे स्क्रू पान्यानं खाल्ल्याले होते. आपल्या पाटावर तो पाना नव्हता, म्हंजी मी नसताना, नवमीलाच तो वापरला."

मग बोलला का नाहीत, मी विचारलं.

"सासऱ्याच्या घरी ऱ्हायचं आन् सासऱ्यावरच घालायचं? कुणी मानलं असतं?" त्यांनी साबण हातात फिरवला. "आन् मला वाटलं, तुमी सांगाल."

त्यांनी हात धुतले. पुढे एवढंच म्हणाले की परभणीत स्टेशनकडच्या रस्त्यावर एका ओळखीच्या माणसाचं शेड रिकामं आहे, तिथं बसून बघतो. लोकांनी इंजिनं दिली तर ठीक, नाही दिली तर ऑटो आहेच. मुलगी आणि ते महिन्याभरात गेले. तिकडेही आमच्या भागातली माणसं जातात, आणि गोष्ट त्यांच्याआधी पोचली होती. मुलगी फोनवर सांगायची, शेडमध्ये अजून पंक्चरच जास्त येतायत.

अलीकडे एक म्हातारे शेतकरी पिकअप घेऊन आले. मागे त्यांच्या मोटारसायकलचं इंजिन गोणीत बांधलेलं. जाम झालंय, तुमीच खोला, म्हणाले. मी म्हणालो, माझे गुडघे चालत नाहीत, जावयांकडे परभणीला न्या. त्यांनी तोंड वाकडं केलं. बोल्ट तोडणारा ना तो? मी नेहमीप्रमाणे बोल्ट मी तोडला म्हणून सांगितलं, आणि त्यांनी नेहमीप्रमाणे झाकायलात म्हणून मान हलवली. मग मी झालं तसं पहिल्यापासून सांगितलं. पाट, झेंडूची माळ, ओळीत मांडलेले पाने, विहिरीवरचा स्क्रू पाना. आधी बाकावर सांगताना मी नवमीचं गाळत होतो. लाज तिचीच जास्त होती.

ऐकता ऐकता त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"खंडेनवमीला काम केलं तुमी?"

हो म्हणालो.

"पूजा मांडल्याली असताना?"

पाटावरच्या पान्याला हात लावला नव्हता, असं मी पुटपुटलो. माझंच मला ते कसंतरी वाटलं. त्यांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला.

"असलं कुणी खोटं सांगत न्हाई," ते म्हणाले. "मंग दाजीनं तोडला न्हाई."

नाही, मी म्हणालो. जावयांनी तो काढला.

त्यांनी शेडचा पत्ता विचारला. मी सांगितला, रस्त्याच्या खुणाही सांगितल्या. गोणीची गाठ सुटत आली होती, ती मी नीट बांधून दिली. पिकअपमध्ये बसता बसता ते म्हणाले, मिस्त्री, राग मानू नका, पण आता तुमच्याकडं काम न्हाई आणणार, आन् घरच्यायलाबी सांगतो.

मी सांगा म्हणालो. सगळ्यांना सांगा.