ओढा कुणी मोजलाच नाही

पुंजाराम कोतवाल शिकला चौथीपर्यंत, पण धरणाचा मेसेज गावात उमगायचा तो त्यालाच. मोबाईलवर यायचं, इतके हजार क्युसेक सोडले, सतर्क राहा. सतर्क म्हणजे काय करायचं? घर सोडायचं, की नुसती जनावरं वर न्यायची? पुंजारामनं वीस वर्षं पाणी कुठवर चढतं ते डोक्यात ठेवलं होतं. पन्नास हजाराला मसणवटा, लाखाला मारुतीचा पार, दीड लाखाला दगडाबाईचा उंबरा. लोक त्यालाच विचारून हलायचे. त्याचा त्याला लई ताठा, आणि का नसावा? पगारी साहेबांना जमलं नाही ते त्यानं केलं होतं.

गेल्या सप्टेंबरात आकडा आला ऐंशी हजार. एकटी राहणारी दगडाबाई म्हशीचं दावं सोडत होती. पुंजारामनं तिला थांबवलं.

"मावशे, ऐंशीला गंगा तुझ्या दारात येत नाय. बस निवांत."

गावची ही गंगा, म्हणजे गोदावरी, खरंच पाराखाली थांबली. पण वर माळावर पाऊस धो धो कोसळला होता, आणि नदीच फुगलेली म्हटल्यावर तिला मिळणाऱ्या, दगडाबाईच्या घरामागच्या ओढ्याला वाट कुठली? तो मागं फिरला, दगडाबाईची मागची भिंत पाडून आत शिरला. ती पत्र्यावर चढून वाचली. म्हैस दाव्यालाच मेली.

पुंजाराम अर्ज घेऊन संभाजीनगरला गेला. नदी आणि ओढा एकत्र मोजा, मग इशारा द्या, एवढंच मागणं. पहिल्या कचेरीत म्हणाले, ओढा आमच्याकडं नाही. दुसरीत म्हणाले, नदी आमच्याकडं नाही. पाऊस आणखी तिसऱ्याच साहेबाचा. बुडणारं गाव तेवढं कुणाचंच नाही.

तो परतल्यावर दहाव्या दिवशी आकडा आला, एक लाख दहा हजार. आभाळ काळंकुट्ट. सगळे त्याच्याभोवती जमले. तो म्हणाला, मला सांगता येत नाय, समदेच शाळेवर चला. गावचे पुढारी नानासाहेब म्हणाले, पुंजा पण सरकारी साहेब झाला म्हणायचा. निम्मे लोक हसत घरी गेले.

दगडाबाई उंबऱ्यावर बसून होती.

"म्हैस होती तवा बस म्हणलास," ती म्हणाली. "आता काय घिऊन निघू?"

पुंजाराम तिच्या पाया पडला. ती हलेना. ओढ्याचा आवाज वाढला, तसं त्यानं तिला उचलून पाठीवर टाकलं. शाळेपर्यंत ती त्याच्या पाठीत बुक्क्या घालत होती, मढं जाईल तुझं म्हणत होती. त्यानं घालू दिल्या. तिला ओट्यावर टेकवलं आणि तो पुन्हा पाण्याकडं धावला. खालच्या आळीत सात घरं अजून दारात बसून होती. पुंजाराम येऊन पाणी कुठवर चढेल ते सांगेल, मग निघू, म्हणत.