तार आणि शब्द

माझ्या कादंबरीतली लढाई ब्रह्मदेशातली आहे, जुन्या महायुद्धातली. ती मी पाहिली नाही, आणि ती पाहिलेलं माणूसही माझ्या ओळखीत नाही. मी ऐकली ती एकाहत्तरची लढाई, तीही कोयनानगरच्या एका दोन खोल्यांच्या घरात, पावसाळी दुपारी.

माझी आत्या वडूजजवळच्या एका खेड्यात राहते. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा सीमेवर गेला आणि परत आला नाही. सरकारी तार आली, देह आला नाही. तारेवर सासूचा विश्वास बसेना. लढाई संपल्यावर त्याच्याच पलटणीतला, जिवाभावाचा दोस्त रजेवर आला, तेव्हा सासूनं अंगणातच त्याचे हात धरले.

"तार खोटी हाय न्हवं? जित्ता हाय न्हवं माजा?"

दोस्त म्हणाला, "व्हय आय. जित्ता हाय. धरून नेलाय त्याला."

एवढ्या शब्दावर आत्याचं कुंकू राहिलं. माझे आजोबा स्वतः फौजी. त्यांनी तिला माहेरी न्यायचं, दुसरं घर बघायचं ठरवलं होतं. ते बैलगाडी जुंपून आले आणि रिकामी गाडी घेऊन परत गेले. नवरा जिवंत असलेल्या बाईला कोण कुठं नेणार?

पुढं तो दोस्त दर रजेला यायचा. फौज सुटल्यावर कोयनानगरला धरणाच्या कॉलनीत त्याला पहारेकऱ्याची नोकरी लागली, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, तरी वर्षातून एकदा यायचाच. लहानपणी मी सुट्टीत आत्याकडं असायची, तेव्हा पाहिलंय. तो सोप्यात बसायचा, आत्या चहा आणायची आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची.

"काय कळलं का?"

"न्हाई, वहिनी."

मग बाजरी कशी आली, पाऊस किती झाला, असलं काहीतरी बोलणं व्हायचं. तो गेल्यावर आत्या बराच वेळ त्याची कपबशी विसळायची नाही. मला तेव्हा त्याचा अर्थ लागत नव्हता.

काही वर्षांपूर्वी त्याच्या मुलीचा मला सांगलीला फोन आला. वडील अंथरुणाला खिळलेत, वडूजच्या वहिनींना बोलवा म्हणतात. आत्याचे गुडघे गेलेले, त्या घाटात ती कशी जाणार, म्हणून शाळेत रजा टाकून मीच गेले. पाटणच्या पुढं धुक्यात समोरची गाडीसुद्धा दिसत नव्हती.

तो खाटेवर अगदी लहान दिसत होता. मुलगी चहा ठेवायला आत गेली तसा म्हणाला, "तिला न्हाई आणलंस? बरं केलंस. माज्या तोंडानं झालं नसतं."

मग त्यानं सांगितलं. कालव्याच्या काठावर गोळा पडला. आत्याच्या नवऱ्यानं त्याच्या मांडीवर जीव सोडला. हुकूम आला मागं हटायचा. देह आणता येईना. हातानं जमेल तेवढी माती त्यानं अंगावर लोटली आणि निघाला.

"सायबाला खरं सांगितलं. तार बी खरीच व्हती. पर म्हातारीनं हात धरलं अन् माजी जीभ फिरली. म्हणलं, पुढच्या रजेला सांगू. पुढच्या रजेला आलो, तर वहिनीनं नवा चुडा भरला व्हता."

"नंतर कधी सांगावंसं वाटलं नाही?"

त्यानं मान खिडकीकडं वळवली. बाहेर काहीच दिसत नव्हतं.

"तुज्या आज्यानं तिच्या लगनाचं मलाच इचारलं असतं, पोरी. त्यांच्या मनात व्हतं, मला ठावं व्हतं. माज्या बी मनात व्हतं. खरं बोललो असतो तर फायदा माजाच व्हता. त्याच्या मातीवर पाय दिऊन तिच्या दारात जायाचं व्हय? म्हणून बोलवंना. लगीन केलं, संसार केला. तरी बोलवंना. आता तू सांग तिला."

मी परतीच्या वाटेवर सांगलीला गेलेच नाही, थेट वडूज गाठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या सूप घेऊन बाजरी पाखडत बसली होती. मी सांगत होते आणि तिचं सूप हळूहळू थांबलं.

पहिल्यांदा तिनं विचारलं, "माती घातली म्हणाला न्हवं?"

"हो."

"सासू मरताना मी तिला म्हणलं व्हतं, आत्याबाई, तुमचा ल्योक वाटंत हाय." मग सूप बाजूला ठेवत, "अन् त्यो कसा हाय?"

"बरा नाही."

"मला घिऊन चल."

मी गाडी केली. पाटणच्या अलीकडं मुलीचा फोन आला. तो गेला होता. मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. आत्यानं काय झालं ते विचारलं नाही, माझ्या तोंडाकडं पाहून तिला कळलं. ती म्हणाली, "थांबलास का रं? चल की."

घरात बायका जमल्या होत्या. आत्या उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसली. रडली नाही. एकीनं विचारलं, "तुमी कोन, आक्का?"

"ह्यांच्या दोस्ताची बायकू व्हते," आत्या म्हणाली.

परतताना उंब्रजच्या आसपास तिनं पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि कपाळ पुसलं. सावकाश, घाम पुसावा तसं. दोघांपैकी कुणासाठी पुसलं हे मला कळलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही. ती कादंबरी तिथून सुरू झाली. पुढचे कित्येक महिने शाळेत वह्या तपासतानाही मला तेच कपाळ दिसायचं.

गाव ओळखू येऊ नये म्हणून मी लढाई मागं नेली, देश बदलला. आत्याला मात्र आधीच सांगितलं.

"माज्यावर लिवतीस व्हय? लिव," ती म्हणाली. "पर त्यात त्याला खोटं बोलू दिऊ नगं."

म्हणून माझ्या पुस्तकातला शिपाई अंगणात खरं बोलतो. म्हातारी त्याला शिव्याशाप देते, घर त्याला वर्षभर उंबरा चढू देत नाही, आणि शेवटी त्याचं आणि दोस्ताच्या विधवेचं लग्न लागतं. लोक म्हणतात, छान प्रेमकथा आहे. मी मान हलवते.

पुस्तक आलं तेव्हा मी वडूजला जाऊन तिला ते लग्नाचं प्रकरण वाचून दाखवायला बसले. ती भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होती. अक्षता पडेपर्यंत आले, तशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता."

"आवडलं नाही?"

"आवडलं की," ती म्हणाली. "लय बरं लिवलंस. पर मला आयकवंना."

मी पुस्तक मिटलं. ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि शेळीला पाला टाकायला परड्यात गेली. पुढची पानं तिनं पुन्हा कधी वाचायला सांगितली नाहीत.