अण्णांच्या माडीकडं तोंड असलेला भोंगा

परतूरच्या स्टेशनावर मला पोचवायला फार माणसं नव्हती. आई होती, काकू होती आणि बॅगा उचलायला आमच्या देवळाचा भागवत गुरव आला होता. नवरा आधीच कॅनडात पोचला होता. जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यात वेल्डर होता, तीच कला तिकडं कामी आली. आई मला खिडकीतून म्हणाली, "तिकडं तरी जिभेला आवर घाल." घालते, म्हटलं. गाडी हलली की माणसं रडतात म्हणे. मी मनातल्या मनात अण्णांना शिव्या घालत होते, आणि त्या नादात जालना कधी आलं ते कळलं नाही.

तुमच्यातले जे गाव सोडून आलेत त्यांना हे समजेल. आपण सोबत लोणचं नेतो, मसाला नेतो आणि एखादा राग नेतो. लोणचं संपतं.

आमचं गाव तीर्थपुरीजवळ. आबा, माझे वडील, देवळात काकडा म्हणायचे. कार्तिकात पहाटे भूपाळ्या म्हणून विठ्ठलाला उठवायचं आणि ओवाळायचं, हा तो काकडा. आबांना मुलगा नव्हता, म्हणून सगळ्या चाली माझ्या गळ्यात उतरल्या. अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली तेव्हा त्यांच्या जागी मी उभी राहिले. पहिले काही दिवस कुणी काही बोललं नाही. मग एका पहाटे, भूपाळी चालू असताना, भजनी मंडळाचे प्रमुख अण्णा उठले. अण्णा म्हणजे आबांचे चुलतभाऊ. त्यांनी माझ्या हातातले टाळ काढून घेतले.

"घरी जाय," म्हणाले. "बाप पडला म्हनून गावाची रीत मोडायची न्हाई. पोरीच्या गळ्यानं देव उठत न्हाई."

बायकांच्या बाजूला काकू, म्हणजे अण्णांची बायको, बसली होती. तिनं पदर पुढं ओढून घेतला. मी घरी आले तर आबा खाटेवर जागे होते. देवळाच्या भोंग्यावर माझा आवाज मधेच तुटलेला त्यांनी ऐकला होता. त्यांना विचारायचं होतं आणि विचारता येत नव्हतं. त्याच थंडीत ते गेले. तिरडीला खांदा द्यायला अण्णा सगळ्यात पुढं होते, हेही मी विसरलेले नाही.

इथं टोरांटोजवळ आम्ही एका बेसमेंटमध्ये राहतो. मी एका वृद्धाश्रमाच्या लॉन्ड्रीत काम करते. चादरी मशीनमध्ये घालायच्या, काढायच्या, घड्या घालायच्या. माझ्याबरोबर मार्सिया आहे, जमैकाची. ब्रेक झाला की ती पार्किंगमध्ये आपल्या गाडीत बसते, फोन डॅशबोर्डवर टेकवते आणि प्रार्थनेचं लाइव्ह सुरू करते. तिच्या गावच्या बायका बघतात, लंडनची बहीण बघते. कधी कुणीच नसतं, तरी मार्सिया तेवढ्याच तावातावानं बोलते. मला म्हणाली, किती जण बघतात तो आकडा झाकून ठेव, एक माणूस आलं तरी देऊळ भरलं असं समज.

मी तिला काकड्याचं सांगितलं. ती म्हणाली, "देवाला उठवता? आमचा तर झोपतच नाही." मी म्हटलं, आमचा झोपतो, दमतो बिचारा. ती इतकी हसली की तिला शिंकाच सुटल्या. मग तिनंच माझा फोन स्टँडवर लावून दिला, मागं स्वच्छ चादर टांगली आणि म्हणाली, गा.

पहिल्या दिवशी बघायला एकटी मार्सिया. मग हळूहळू वरच्या मजल्यावरची गुजराती बेन आली, मस्कतला गेलेला परतूरचा एक ड्रायव्हर आला, जर्मनीतली एक मल्याळी नर्स आली. मार्सियाच्या चर्चच्या बायका माझ्या भूपाळीखाली 'आमेन' लिहायच्या. सुरुवातीला मला कसंतरी वाटायचं. नंतर एखाद्या दिवशी आमेन आलं नाही तर चुकल्यासारखं व्हायला लागलं. गावात पहाट असते तेव्हा इथं आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. ड्यूटीवरून यायचं, भाजी फोडणीला टाकायची आणि गावच्या देवाला उठवायचं.

एका कार्तिकात भागवतचा फोन आला. "ताई, काकड्याला कोनी येऊन न्हाई राह्यलं. म्हातारे गेले, पोरं मोबाइल बघत झोपतेत. तुमचं लाइव्ह भोंग्याला जोडू का?"

माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा, "भोंग्याचं तोंड कुणीकडं?"

"अण्णाच्या माडीकडं. पह्यल्यापासून तिकडंच है."

"राहू दे," मी म्हटलं. "आवाज तेवढा वाढव."

त्या महिन्यात मी जितकी गोड गायले तितकी आयुष्यात गायले नाही. त्यात भक्ती किती आणि खुन्नस किती, ते विठ्ठलालाच ठाऊक. उंच सुरावर गेले की मला अण्णा दिसायचे, कानावर उशी दाबून कुशी बदलणारे. मग मी अजून वरचा सूर लावायची.

कार्तिक सरता सरता भागवतनं एक व्हिडिओ पाठवला. देवळापुढं मांडव, आणि अण्णांच्या अंगावर शाल. परदेशातून काकडा चालवणारं आपलं गाव म्हणून सत्कार चालला होता, आणि अण्णा माइकवर सांगत होते, "तिचा बाप पडल्यावर म्याच तिला उभी केली. माह्या हातची तयार झालेली पोरगी है ती." लोक टाळ्या वाजवत होते. मागं काकू खाली बघत बसली होती.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. मी समजत होते माणूस तळमळतोय, आणि तो माझ्या गळ्यावर मोठेपण मिरवत होता. माझ्या बापाचं नावसुद्धा घेतलं नाही. मार्सियाला सांगितलं तर ती म्हणाली, माफ कर, मन हलकं होईल. मार्सिया माझी जिवाची मैत्रीण आहे, पण हा सल्ला मी घेतला नाही. मला माझं मन हलकं करायचं नव्हतं. अण्णांचं जड करायचं होतं.

भोंगा हा माझा देवळाशी उरलेला एकच धागा होता. खरं बोलले तर तो तुटणार, हे मला पक्कं माहीत होतं. तरी त्या संध्याकाळी मी लाइव्ह सुरू केलं, गाव जोडलं गेल्याची खात्री केली आणि म्हटलं, "भूपाळीच्या आधी दोन शब्द. मला काकडा माझ्या वडलांनी शिकवला. ते अंथरुणाला खिळले तेव्हा अण्णांनी भर देवळात माझ्या हातातले टाळ काढून घेतले. पोरीच्या गळ्यानं देव उठत नाही म्हणाले. माझा आवाज तुटलेला खाटेवरून ऐकला माझ्या बापानं, आणि तो तसाच गेला. अण्णा, शाल तुम्हाला लखलाभ. गळा माझा आहे."

मी भूपाळी धरली. पहिलं कडवं संपायच्या आत बघणाऱ्यांमधून भागवतचं नाव गेलं. गावाचा भोंगा बंद झाला होता. मी उरलेला काकडा मस्कतला, जर्मनीला आणि मार्सियाला ऐकवला.

दुसऱ्या दिवसापासून देवळात मंडळानं कुठल्यातरी पेनड्राइव्हवरची भजनं लावली. आईचा फोन आला. "झालं का समाधान? बाया माह्याकडं बघून बोलायच्या थांबतेत." झालं, म्हटलं. झालं होतंच. सूड गोड लागत नाही असं सांगणाऱ्यांनी तो घेतलेला नसतो. पण फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले, कारण आबांच्या देवळात माझा आवाज आता दुसऱ्यांदा तुटला होता, आणि या वेळी तो मीच तोडला होता.

गाणं मात्र बंद केलं नाही. असंच एकदा गात असताना स्क्रीनवर विनंती आली, कुणालातरी लाइव्हमध्ये यायचं होतं. नाव अण्णांच्या सुनेचं. शिव्या खायची तयारी ठेवून बटण दाबलं.

समोर स्वयंपाकघर दिसलं. शेगडीवर दूध, मागं डब्यांची फळी, आणि फोनच्या अगदी जवळ आलेला काकूचा चेहरा. सुनेचा फोन तिनं पिठाच्या डब्याला टेकवला होता.

"दिसून राह्यली का मी?" काकू म्हणाली. "त्या दिशी मी पदर वढला, पोरी. आज न्हाई वढत. तू म्हन. तुहे काका वसरीत बसून राह्यलेत, त्यांला बराबर ऐकू जाऊ दे."

बाहेरून अण्णांचा आवाज आला, "बंद कर ते." काकूनं मान वळवली नाही. तिनं दुधाखालचा गॅस बारीक केला आणि पहिली ओळ स्वतः धरली. एवढी वर्षं तिच्या घरी जात होते, पण तिला गाताना मी कधी ऐकलं नव्हतं. आवाज बसका होता, सूर मात्र चोख.

अण्णा परत ओरडले. काकूनं आवाज चढवला, मग मीही चढवला.

आता इथं मला कुणी विचारलं, तुझं घर कुठंय, तर मी बेसमेंटचं नाव घेत नाही आणि आबांच्या घराचंही नाही. मी सांगते, माझं घर अण्णांच्या स्वयंपाकघरात आहे. रोज पहाटे मी तिथं असते, आणि मला तिथून बाहेर काढायची त्यांची हिंमत नाही.