सगळ्या गोळ्या सारख्याच

आमच्या ह्यांचं औषधांचं दुकान आहे. सगळी गल्ली ह्यांना मेडिकलवाले म्हणते. कुणीही विचारलं, "दुखण्यावर कुठली गोळी चांगली?" की ह्यांचं उत्तर ठरलेलं: "सगळ्या सारख्याच हो. थोडं सोसायला शिका." सासूबाईंनाही तेच. त्यांचे गुडघे जिन्यावर नुसता जीव खातात. "एकदा डॉक्टरांना दाखव रे," म्हणाल्या, की हे म्हणणार, "वय झालं आई, दुखणारच." आणि एक पॅरासिटामॉल हातावर टेकवणार. हल्ली त्यांनी खाली उतरणंच सोडलं होतं.

मग ह्यांची अक्कलदाढ काढली. आडवी होती, हिरडी कापावी लागली. भूल उतरली मात्र, अन् अगं बाई, काय तो थयथयाट! उशी भिंतीवर भिरकावली. पॅरासिटामॉलनं भागेना. शेवटी दातांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी जोडीला आयब्युप्रोफेन सांगितली, तेव्हा कुठे स्वारी थंडावली.

दुसऱ्या दिवशी गालाचा भोपळा सांभाळत माझ्यापुढे व्याख्यान सुरू! "पहिलीनं नुसता ठणका बोथट होतो. दुसरीनं सूज उतरते. दोन्ही मिळून खरा आराम. अगं, जमीन-अस्मानाचा फरक आहे!"

सासूबाई शेजारी भाजी निवडत होत्या. त्यांनी हात थांबवून हळूच विचारलं, "अरे, मग माझ्या गुडघ्यांना ह्यातली कुठली चालेल?"

टोमणा असता तर परवडलं असतं. त्या खरंच विचारत होत्या. ह्यांची मान जी खाली गेली, ती वर येईना. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज त्याच घरात राहून मी तरी कधी तोंड उघडलं होतं?

हे उठले, गालाला मफलर गुंडाळला. "मी माझ्या मनानं नाही देत. चल, डॉक्टरांना दाखवू," असं कसंबसं पुटपुटले आणि आईचा हात धरून जिना उतरू लागले. मागोमाग मीही निघाले. प्रत्येक पायरीला आई ओठ चावते, हे ह्यांनी त्या दिवशी पाहिलं.

दवाखान्यात डॉक्टर ह्यांचा गाल बघून म्हणाले, "बोला, काय होतंय?" ह्यांनी मान हलवून आईकडे बोट दाखवलं.

"छे हो, माझं जुनंच आहे," सासूबाई घाईनं म्हणाल्या. "आधी ह्याचं बघा. कालपासून फार सोसतंय माझं लेकरू."

ह्यांनी शरमेनं मफलर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला.