गवत काढलेली गाडी

वऱ्हाडाच्या गाड्या पळवायचा शौक आठवला की मला अजून शिसारी येते. आमच्या हिंगोलीकडच्या पुसेगावच्या अंगाला लग्नाच्या गाड्या नुसत्या जायच्या नाहीत. नवरीच्या गावच्या मारुतीपुढं कुणाची गाडी आधी लागते, यावर घराची इज्जत ठरायची. पहिल्या गाडीवाल्याला नारळ आणि त्याच्या बैलांवर गुलाल. बस, एवढ्यासाठी.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि चुलत भावाच्या लग्नाला मी माहेरी आले होते. आमच्या गाडीत पुढं कासरा धरून वडील, त्यांच्यामागं आजोबा, आणि मागं आई नि मी. निघताना वडिलांनी गाडीतलं गवत उपसून खाली टाकलं, वरची घोंगडीसुद्धा ओढून काढली.

"वजन होऊन राहिलं," म्हणाले.

मी विचारलं, "मग बायांनी कशावर बसावं?"

"तासाभराचा तर रस्ता हाये. मरता का काय?"

चाकाला लोखंडी धाव, खाली लोखंडी आस, मधे मऊ असं काहीच नाही. खड्ड्यातला दणका लाकडातून सरळ बसल्या हाडात शिरायचा. मी उकिडवी बसून बाजूचा खुंटा धरला होता. निम्मा मार गुडघे झेलायचे. आईला ती सोय कुठली! समोर सासरा. सुनेनं मांडी घालून, पाठ ताठ ठेवून बसायचं. एका हातात डोक्यावरचा पदर, दुसऱ्या हातात नवरीच्या लुगड्यांचं गाठोडं. धरायला तिसरा हात देवानं दिला नव्हता.

नाल्याजवळ दुसरी गाडी पुढं निघू लागली, तशी वडिलांनी वाकून बैलाची शेपटी तोंडात घेतली आणि करकचून चावली. गाडी दगडावरून उडाली. आई हातभर वर गेली आणि तशीच ताठ, माकडहाडावर आपटली. ओरडली नाही, तोंडातून नुसता वारा निघाला. मी "थांबवा, आईला लागलं" म्हणत राहिले. वडिलांनी मागं वळूनही बघितलं नाही.

नारळ मिळाला. गुलालानं माखलेल्या मिशा, हनुवटीवर तंबाखूची लाळ, असे वडील मारुतीपुढं हसत उभे होते. आईला उतरता येईना. पाठीत आग होती, पायांत मुंग्या होत्या, पण बोटं हलत होती. मी स्वतः बघितली.

खरा घाणेरडेपणा तर परतताना झाला. मी म्हटलं, खाली गवत घालू, आईला आडवी नेऊ. वडील भडकले.

"नवरी आणायच्या वऱ्हाडात माणूस आडवं? मढं हाये का ते? लोकं काय म्हनतीन?"

मग आईला बसवली. कपाळाला कुंकू लावलं, पदर नीट केला, आणि धोतरानं खुंट्याला बांधली. प्रत्येक खड्ड्याला तिची मान लुळी डुलायची, दातांवर दात आपटायचे. मी तिच्या काखेत हात घालून तिला वर उचलून धरत होते, पण किती वेळ धरणार? घर येईस्तोवर तिचं लुगडं ओलं झालं आणि तिला ते कळलंही नाही. बायांनी नाकाला पदर लावले. आमच्याच बायांनी.

हिंगोलीहून डॉक्टर आणला. त्यानं पाठीवरून बोट फिरवलं, तळपायाला टाचणी टोचली आणि विचारलं, आणलं कसं यांना?

"बसवून. बराबर बसवून आणली," वडील म्हणाले.

मणका आपटल्यावर चेपला असेल, डॉक्टर म्हणाला, पण पाय गेले ते बसवून आणल्यामुळं. आडव्या आणल्या असत्या तर बहुतेक चालल्या असत्या.

तो गेल्यावर वडील बाजेपाशी बसून मलाच समजावू लागले. "मी तरी काय करणार होतो? आडवी आणली असती तं लोकं काय म्हनले असते, सांग बरं."

आई आढ्याकडं बघत पडली होती.

"आता जल्मभर आडवीच हाये मी," ती म्हणाली. "बलवा तुमच्या लोकाला. काय म्हनायचं ते म्हनू द्या."